लांब पल्ल्याचा नेम : कोणती रायफल सुधारावी?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण निमित्त शोधणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतो. अंगण सरळच असते आणि दोष नेहमी नाचणाऱ्याचा असतो, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. बहुतेक कलांच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहण्याची सोय नाही. गवयाचा तंबोरा किती बिघडला आणि गळा किती, याची वाटणी करून देणारा तराजू अजून कोणी बनविलेला नाही. नेमबाजीत मात्र अशी वाटणी करता येते. अंगण किती वाकडे आहे आणि पाऊल किती चुकले आहे, हे तेथे मिलिमीटरमध्ये मोजून सांगता येते. जी गोष्ट मोजता येते तिच्यासाठी अंदाजाने पैसे खर्च करू नयेत, एवढेच सांगण्यासाठी हे भाषण आहे.

हा विषय दिल्लीच्या रामकृष्णपुरमसारख्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्याला का सुचावा, असा प्रश्न कोणी विचारील. पण आर. के. पुरम आणि रायफल यांचे नाते अगदीच दूरचे नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या महासंचालनालयाचा पत्ता वर्षानुवर्षे ‘वेस्ट ब्लॉक चार, रामकृष्णपुरम’ असाच लिहिला गेला; आणि आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यातली पहिली गोळी याच छात्रसेनेच्या पॉइंट टू-टू रायफलीने, जमिनीवर पालथे पडून झाडलेली असते. शिवाय दक्षिण दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, तुघलकाबादजवळ, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले डॉ. कर्णीसिंह यांच्या नावाचे नेमबाजीचे मैदान आहे. २००८ साली अभिनव बिंद्रा यांनी बीजिंगमध्ये सुवर्णपदक मिळविल्यापासून मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींना या खेळाची ओढ लागली. दहा मीटरच्या हवाई रायफलीवर दोन-तीन वर्षे सराव झाला, की मूल म्हणू लागते, “आता पन्नास मीटरवर जायचे.” मग घरात खल सुरू होतो. भविष्य निर्वाह निधीतून उचल किती मिळेल, आजोबांची शिकारीची रायफल गावी पडून आहे ती उपयोगी पडेल काय, कोणाची तरी जुनी टू-टू विकत मिळते आहे ती घ्यावी की जर्मनीहून नवीनच मागवावी, असे प्रश्न एकामागून एक निघतात. पैसे एकदाच उभे करता येण्यासारखे असतात आणि मुलाची शिकण्याची वर्षेही पुन्हा येत नाहीत. म्हणून ‘कोणती रायफल सुधारावी’ हा प्रश्न त्या घरापुरता चांगलाच गंभीर असतो.

त्याचे उत्तर देण्यापूर्वी अंतर वाढले म्हणजे नेमके काय बदलते, ते समजून घेतले पाहिजे.

पंचांग पाहणाऱ्यांना अंश आणि कला हे शब्द परिचित आहेत. एका अंशाचे साठ भाग केले की एक कला होते. कोनाचे हे इवलेसे माप नेमबाजीत फार सोयीचे पडते, कारण बंदुकीची चूक ही मुळात कोनाची चूक असते. एका कलेची चूक दहा मीटरवर सुमारे २.९ मिलिमीटर होते, पन्नास मीटरवर १४.५ मिलिमीटर आणि तीनशे मीटरवर ८७ मिलिमीटर. रायफलीवर मागे एक बारीक छिद्र आणि पुढे एक लहान कडे असते. छिद्रातून कडे आणि कड्यातून लक्ष्याचा काळा गोल पाहावयाचा असतो. या दोहोंमधील अंतर ऐंशी सेंटिमीटर धरले आणि त्यांची जुळणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने चुकली, तर दहा मीटरवर गोळी सव्वा मिलिमीटर सरकेल, पन्नास मीटरवर सहा मिलिमीटर आणि तीनशे मीटरवर साडेसदतीस मिलिमीटर सरकेल. केसाच्या जाडीएवढी चूक अंतराबरोबर अशी वाढत जाते.

मात्र अंतर वाढते तसे लक्ष्यही मोठे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. दहा मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पन्नास मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि तीनशे मीटरवर १०० मिलिमीटरचे असते. छिद्राची कड वर्तुळाला नुसती लागली तरी तो गुण मिळतो. म्हणजे गोळीची जाडीही नेमबाजाच्या बाजूने धरली जाते. हा हिशेब केला तर दहा गुण मिळविण्यासाठी मिळणारा कोन दहा मीटरवर सुमारे १.७ कला भरतो, पन्नास मीटरवर १.१ कला आणि तीनशे मीटरवर १.२ कला. कोनाच्या दृष्टीने पन्नास मीटरचे दहा मिळविणे तीनशे मीटरहून सोपे नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ‘लांबचा पल्ला’ म्हणजे कित्येकशे मीटर असलेच पाहिजेत, असे मानण्याचे कारण नाही. दहा मीटरवरून पन्नासवर जाणे हीच मोठी उडी आहे. दहा मीटरची स्पर्धा बंद दालनात होते, तर पन्नास मीटरवर गोळी उघड्या हवेतून जाते आणि तेथे तिला वारा भेटतो.

आता हाताशी असलेल्या तीन रायफली समोर ठेवून पाहू.

पहिली, मुलाच्या सरावाची हवाई रायफल. तिची नळी ४.५ मिलिमीटरची. तिच्यातून निघणारा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो आणि सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने जातो. दहा मीटरसाठी तो उत्कृष्ट आहे. पन्नास मीटरपर्यंत जायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागेल, वाटेत तो अर्ध्या मीटरहून अधिक खाली येईल आणि वाऱ्याची झुळूक त्याला सहज बाजूला नेईल. या रायफलीवर खर्च करून तिचा पल्ला वाढविता येत नाही. पण म्हणून ती विकूनही टाकू नये. तिचा छर्रा मंद असल्यामुळे चाप दाबल्यावरही नळीत जास्त वेळ असतो आणि तेवढा वेळ शरीर स्थिर ठेवावेच लागते. पन्नास मीटरवर लागणारी ही शिस्त ती कमी खर्चात, वसाहतीजवळच्या दहा मीटरच्या दालनात, शिकवीत राहते.

दुसरी, आजोबांची शिकारीची रायफल. महाराष्ट्रातील जुन्या संस्थानांच्या मुलुखांत, इनामदार-देशमुखांच्या वाड्यांत आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या घरांत पॉइंट थ्री-वन-फाइव्ह, म्हणजे आठ मिलिमीटरची, आयुध कारखान्यात बनलेली रायफल आजही आढळते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दिवस सरले आणि ती भिंतीवर किंवा कपाटात विसावली. ती मोठी, तिची गोळी जड, तेव्हा लांबच्या नेमासाठी हिलाच सुधारावी असे प्रथम वाटते. पण ती ज्या कामासाठी घडविली गेली त्या कामात पहिली एक-दोन गोळी जनावराच्या वर्मी बसली की पुरे होते. साठ गोळ्या एकाच वर्तुळात टाकण्याची अपेक्षा तिच्याकडून कोणी केलेली नाही. तिची काडतुसेही त्याच बेताची असतात. तिचा धक्का खांद्याला बसतो आणि शिकाऊ नेमबाज चाप दाबण्याआधीच डोळे मिटू लागतो. शिवाय सराव करावयाचा कोठे? तुघलकाबादला रायफलीचा सर्वांत लांब पल्ला पन्नास मीटरचा आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांत मोठ्या रायफलीच्या शर्यती गुरुग्रामपलीकडे कादरपूर येथे, केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या मैदानावर घ्याव्या लागल्या होत्या. तीनशे मीटरची मैदाने आपल्या देशात थोडी आणि ती बहुधा सुरक्षा दलांच्या आवारात आहेत. जेथे आठवड्यातून तीन दिवस जाता येणार नाही त्या पल्ल्यासाठी रायफल सुधारणे म्हणजे विहीर नसलेल्या शेतासाठी मोट घेणे होय.

उरली तिसरी, पॉइंट टू-टू. तिची गोळी ५.६ मिलिमीटरची व २.६ ग्रॅमच्या आसपास वजनाची असते, धक्का नाममात्र असतो, मैदान जवळ आहे आणि ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरचा सामना याच गोळीने होतो. याच रायफलीने सरावलेला नेमबाज पुढे शंभर मीटरवरही हात अजमावू शकतो. तेव्हा सुधारावयाची ती हीच. मात्र ‘हीच’ म्हटल्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. तिच्यातील काय सुधारावे आणि केव्हा, हा उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

येथे शाळेतील भूमितीचा एक सिद्धान्त उपयोगी पडतो. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ही कर्णाच्या वर्गाइतकी असते, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. लक्ष्यावर गोळ्यांचा जो पुंजका पडतो त्याचा पसारा हा असाच एक कर्ण आहे. त्याची एक बाजू म्हणजे रायफल आणि गोळी यांचा स्वतःचा पसारा. दुसरी बाजू म्हणजे नेमबाजाच्या शरीराचा, डोळ्याचा व बोटाचा पसारा. दोन्ही चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असल्यामुळे त्यांची साधी बेरीज होत नाही. त्या कर्णाच्या नियमाने एकत्र येतात.

एक उदाहरण घेऊ. पन्नास मीटरवर रायफलीचा स्वतःचा पसारा १५ मिलिमीटर आहे आणि शिकाऊ नेमबाजाचा ४० मिलिमीटर. एकत्र पसारा ४३ मिलिमीटरच्या जरा आत येतो. आता काही लाख रुपये खर्च करून १५ ऐवजी १० मिलिमीटरची रायफल आणली, तर एकूण पसारा ४१ मिलिमीटरच्या किंचित वर येईल. म्हणजे लाभ दीड मिलिमीटरचा. त्याऐवजी जुन्याच रायफलीवर सराव करून मुलाने स्वतःचा पसारा ४० वरून ३० वर आणला, तर एकूण पसारा साडेतेहेतीसवर येतो. लाभ नऊ मिलिमीटरचा. कर्ण लहान करावयाचा असेल तर आधी मोठी बाजू तोडली पाहिजे. उलट जो नेमबाज १६ मिलिमीटरपर्यंत पोहोचला आहे त्याच्या हाती हीच १५ मिलिमीटरची रायफल असेल तर एकूण पसारा २२ च्या आसपास पडतो. त्याला १० ची रायफल दिली की तो १९ वर येतो. येथे तीन मिलिमीटरचा लाभ झाला, आणि अंतिम फेरीत गुणांचे दशांश मोजले जात असताना तीन मिलिमीटर ही मोठी दौलत आहे. तीच रायफल एकासाठी उधळपट्टी होती, ती दुसऱ्यासाठी गरज ठरली. म्हणून ‘चांगली रायफल कोणती’ हे विचारण्याआधी ‘कोणासाठी’ हे विचारावे लागते.

या हिशेबासाठी रायफलीची बाजू वेगळी मोजता आली पाहिजे. रायफल पक्क्या पकडीत बसवून, पकडीची सोय नसल्यास वाळूच्या पिशव्यांवर टेकवून एखाद्या निष्णात नेमबाजाकडून, वारा पडलेल्या सकाळी दहा-दहा गोळ्यांचे पाच पुंजके घ्यावेत आणि त्यांचा पसारा मोजून सरासरी काढावी. एका पुंजक्यावर विसंबू नये. एखादा पुंजका दैवाने चांगला येतो, एखादा दैवाने वाईट. त्याच आठवड्यात मुलाचे त्याच्या नेहमीच्या पवित्र्यातील पाच पुंजके घ्यावेत. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले, की पैसे कोठे घालावेत हे ती वहीच सांगू लागते.

पैसे घालण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिला मान गोळीला. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेट घेणारी दारू पितळी टोपणाच्या कडेत भरलेली असते. त्यामुळे मोठ्या रायफलीच्या काडतुसाप्रमाणे ते हाताने पुन्हा भरून सुधारता येत नाही. कारखान्यातून जसे आले तसेच ते वापरावे लागते. नेमबाजाला एकच स्वातंत्र्य असते, ते म्हणजे निवडीचे. सामन्याच्या गोळीचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून कमी ठेवलेला असतो. एका गोळीपासून दुसऱ्या गोळीत सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर ती सुमारे आठ मिलिमीटर वर किंवा खाली लागते; म्हणजे एक गुण गेलाच. शंभर मीटरवर हाच फरक चौपटीहून थोडा अधिक होतो. प्रत्येक नळीच्या आतील पिळदार खाचांना एखाद्याच घाणीचे काडतूस मानवते. एकाच कंपनीची, एकाच नावाची, पण वेगळ्या घाणीची गोळी त्याच नळीतून पसरून पडते. म्हणून युरोपातील कारखान्यांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, निरनिराळ्या घाणी तिच्यातून झाडून पाहतात आणि जी सर्वांत घट्ट पुंजका देईल तिचाच साठा करतात. आपल्याला तेथवर जाता आले नाही, तरी चार घाणींच्या पन्नास-पन्नास गोळ्या आणून हा प्रयोग तुघलकाबादला किंवा पुण्याच्या बालेवाडीला करता येतो. दोनशे गोळ्यांच्या खर्चात कधी कधी असे दिसून येते, की जी नळी आपण बदलावयास निघालो होतो ती निर्दोष होती.

दुसरा मान दस्त्याला, म्हणजे रायफल अंगाला बसण्याला. वर सांगितलेल्या त्रिकोणात मोठी बाजू माणसाची आहे आणि ती लहान करण्याचे काम दस्ता करतो. गालाखालची फळी योग्य उंचीवर असेल तर डोळा दर वेळी छिद्रामागे त्याच जागी येतो. खांद्याकडचे टोक पुढे-मागे व वर-खाली सरकत असेल तर वाढत्या वयाच्या मुलालाही तीच रायफल पुरते. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक सामन्यात गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभ्याने असे तीन पवित्रे एकाच रायफलीने साधावे लागतात. प्रत्येक पवित्र्यात मान, हात व खांदा यांची ठेवण निराळी असते. जिचा दस्ता हलत नाही ती रायफल तीनपैकी दोन पवित्र्यांत नेमबाजाशी भांडत राहते. जुन्या टू-टूला समायोजनाचा दस्ता बसवून घेणे हे नव्या रायफलीच्या मानाने फार थोड्या खर्चाचे काम आहे.

तिसरा मान दर्शकांना आणि चापाला. मागच्या छिद्राचा स्क्रू फिरविला की ‘टिक’ असा आवाज होऊन नेम ठरावीक मापाने सरकला पाहिजे आणि उलट फिरविल्यावर बरोबर मूळ जागी परत आला पाहिजे. येथे झीज झालेली असेल तर नेमबाज नसलेली चूक सुधारीत बसतो. चाप दर वेळी त्याच जागी, त्याच दाबाला सुटला पाहिजे; तो हलका असण्यापेक्षा एकसारखा असणे अधिक मोलाचे आहे.

नळीचा क्रम शेवटचा. चार घाणी तपासल्या, दर्शक नीट केले, पकडीतील पुंजका तरीही सैल पडतो आणि नेमबाजाचा स्वतःचा पसारा त्याच्या जवळ येऊन ठेपला आहे, असे वहीत दिसले म्हणजेच नळी किंवा संपूर्ण रायफल बदलण्याची वेळ आली असे समजावे. तेव्हा मात्र कुचराई करू नये. आन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाऊ या जर्मन कारखान्यांच्या रायफली काही लाखांच्या घरात जातात. पण ज्याची बाजू लहान झाली आहे त्याला वाकड्या अंगणात नाचवीत ठेवणे हाही अन्यायच होय.

आणखी एक खर्च लोक विसरतात. रोज शंभर गोळ्या आणि आठवड्याचे चार दिवस धरले, तर वर्षाला वीस हजार गोळ्या लागतात. रायफल एकदा घ्यावी लागते, गोळी रोज. रायफलीत सर्व शिल्लक ओतली आणि गोळ्यांना पैसे उरले नाहीत, तर उत्तम हत्यार पेटीत आणि मूल घरात, अशी स्थिती होते. याला थोडा उतारा म्हणजे कोरडा सराव. गोळी न भरता, भिंतीवरच्या लहानशा ठिपक्यावर नेम धरून चाप दाबण्याचा हा सराव सरकारी क्वार्टरच्या बैठकीतही होतो. मात्र टू-टूमध्ये रिकाम्या नळीवर चाप ओढल्यास आतील खिळा नळीच्या कडेवर आदळून ती कड खराब होण्याचा संभव असतो. म्हणून त्यासाठी मिळणारा वेगळा खिळा किंवा खोटे काडतूस वापरावे. नळी रिकामी असल्याची खात्री प्रत्येक वेळी डोळ्यांनी करून घ्यावी, हे वेगळे सांगण्याची जरूर नाही.

विकत न मिळणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे वाऱ्याची पारख. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा पन्नास मीटरच्या प्रवासात टू-टूची गोळी ढोबळमानाने वीस मिलिमीटर बाजूला नेतो. दहाच्या मध्यावर धरलेला नेम आठवर जाऊन बसतो. शंभर मीटरवर हा विचलनाचा आकडा चौपटीच्या जवळ जातो. जगातील सर्वांत महाग नळीही यात काडीचा फरक करू शकत नाही. मैदानावर दहा व तीस मीटरवर लहान निशाणे लावलेली असतात ती यासाठी. जवळचे निशाण अधिक लक्षपूर्वक पाहावे, कारण आरंभी ढळलेल्या गोळीला पुढे ढळत राहण्यास सगळा रस्ता मोकळा असतो. दिल्लीत वैशाख-ज्येष्ठातील पश्चिमेचा कोरडा वारा आणि पौषातील धुक्याची निश्चल सकाळ यांत एकाच रायफलीचे दोन स्वभाव दिसतात. वर्षभर सराव केलेल्यालाच ते दोन्ही कळतात.

कायद्याचा विचारही रायफल निवडतानाच केला पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व २० ज्यूल यांच्या मर्यादेतील हवाई रायफलीस परवाना लागत नाही, टू-टूला लागतो. दिल्लीत तो पोलिसांच्या परवाना शाखेकडून मिळतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात परवान्यासाठी एकवीस वर्षे वयाची अट आहे; होतकरू तरुण नेमबाजांसाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या प्रमाणपत्रावर आधारलेल्या वेगळ्या तरतुदी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. ज्याला खेळाडू म्हणून सवलत नाही, त्याच्या दोन जागांपैकी एक आजोबांच्या रायफलीने अडविलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. नळी बदलणे किंवा दुरुस्ती करणे ही कामे परवाना असलेल्या शस्त्रकारागिराकडूनच करून घ्यावयाची असतात. ओळखीच्या लेथवाल्याकडे रायफल देणे हा गुन्हा ठरेल.

या खेळात महाराष्ट्राने जे मिळविले आहे त्यावर नजर टाकली तर वरील हिशेबाला चांगला आधार सापडतो. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. अहमदाबादेत वकिली केलेल्या या मराठी गृहस्थाचे मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. त्यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची पायरी म्हणून हजारो मुलांना परिचित आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि नेमबाजीत जगज्जेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. साठ गोळ्यांत गेले ते अवघे तीन गुण. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या पन्नास मीटर तीन पवित्र्यांच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पात्रता फेरीत ते ५९० गुणांसह सातवे आले होते. अंतिम फेरी गाठणाऱ्या आठही जणांच्या हाती पहिल्या प्रतीच्या रायफली असतात. त्या पातळीवर अंगण सर्वांचे सारखेच सपाट असते आणि फरक पडतो तो पावलाचा. तेथे पोहोचेपर्यंतच्या वाटेवर मात्र कोणाचे अंगण कधी वाकडे होते आणि ते कधी नीट करून घ्यावे, हे जाणणारा वडीलधारा किंवा प्रशिक्षक लाभणे हे भाग्य असते.

तेव्हा आर. के. पुरममधील असो की राधानगरीतील, ज्या घरात हा प्रश्न उभा आहे त्यांनी असे करावे. हवाई रायफल सरावासाठी ठेवावी. शिकारीच्या रायफलीवर लांबच्या नेमाची आशा लावू नये. निर्दोष नळीची साधी टू-टू मिळत असेल तर ती घ्यावी. आधी तिला मानवणारी गोळी शोधावी, मग दस्ता अंगाला बसवून घ्यावा, मग दर्शक व चाप पाहावा. दर तीन महिन्यांनी रायफलीचा आकडा आणि मुलाचा आकडा वहीत मांडावा. ज्या दिवशी ते दोन आकडे एकमेकांजवळ येतील त्या दिवशी मुलाने नवी रायफल मागितली तर ती त्याने कमाविली आहे असे समजून, भविष्य निर्वाह निधीचा अर्ज विनासंकोच भरावा.